अकरावीचे विषय आणि शेवटची एसटी

सकाळी साडेसहा

दूध तापायला ठेवलं की फोन वाजायला लागतो. दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीच्या याद्या संपेपर्यंत हे असंच चालतं. ‘मॅडम, ८३ टक्के पडलेत, काय घेऊ?’ मेसेज एवढाच. नाव नाही, गाव नाही. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते: मार्कशीट घेऊन शाळेत ये, आणि घरात पैशाचा निर्णय जे घेतात त्यांना बरोबर आण. दुसऱ्या अटीवर पुष्कळ मुलं नाराज होतात. पण मुलाशी तासभर बोलायचं, त्याने मान डोलवायची आणि संध्याकाळी चुलत्याने एका वाक्यात सगळं फिरवायचं, यात कुणाचंच भलं होत नाही. त्यापेक्षा चुलत्यालाच बोलावलेलं बरं.

मी बार्शीतल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. समुपदेशकाचं वेगळं पद आमच्याकडे नाही. कुणाकडे स्काउटचा चार्ज असतो, कुणाकडे पोषण आहाराचा, तसा माझ्याकडे करिअर मार्गदर्शनाचा. पगारात फरक नाही, जूनमध्ये रविवार मात्र राहत नाही.

आठ

शाळा अकराला भरते, पण मी आठलाच प्रयोगशाळेशेजारची खोली उघडते. भिंतीवर तीन कागद चिकटवलेले आहेत. एक, आसपासच्या कॉलेजांचे गेल्या वर्षीचे कटऑफ. दुसरा, कोणत्या अभ्यासक्रमाला बारावीला कोणते विषय लागतात त्याचा तक्ता. तिसरा, एसटी स्टँडवरून उतरवून आणलेलं वेळापत्रक. येणारा माणूस पहिल्या कागदासमोर जाऊन उभा राहतो. माझं निम्मं काम म्हणजे त्याला तिथून हलवून दुसऱ्या कागदासमोर आणणं.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरी भागांपुरतीच होती. २०२५-२६ पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. पूर्वी आमच्याकडे मुलगा मार्कशीट घेऊन कॉलेजात जायचा, क्लार्ककडून फॉर्म घ्यायचा आणि दुपारी प्रवेश उरकून घरी जेवायला यायचा. आता आधी नोंदणी, मग एक ते दहा पसंतिक्रम, मग यादीची वाट. त्यामुळे झालं असं, की सगळी चर्चा ‘कुठलं कॉलेज लागेल’ यावर येऊन थांबली आहे. कोणते विषय घ्यायचे, हे फॉर्म भरून देणारा नेट कॅफेवाला जाता जाता ठरवतो.

सव्वाआठ

पहिली मुलगी वैरागकडची. वडिलांचं किराणा दुकान. पेढ्यांचा पुडा घेऊनच आले. टक्के ९०.८०.

मार्कशीट हातात आली की मी तळाची टक्केवारी अंगठ्याने झाकते आणि वरून एकेक विषय वाचत येते. मराठी ९४. हिंदी-संस्कृत संयुक्त ९८. सामाजिक शास्त्रे ९१. इंग्रजी ८४. विज्ञान ८०. गणित ५८. बोर्ड सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरतं. त्या पाचांची बेरीज होते ४४७. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी, त्याचे सवलतीचे ७. एकूण ४५४, पाचशेपैकी. म्हणजे ज्या टक्केवारीचे पेढे वाटले तिच्यात गणिताचा एकही मार्क नाही.

वडिलांना हे कागदावर मांडून दाखवलं. ते बराच वेळ बेरीज बघत राहिले. दुकानदार माणूस, हिशेब पटकन कळतो. पण म्हणाले, “तरी नव्वदच्या वर हायत की मॅडम. सायन्स घ्यायलाच पाहिजे. इंजिनिअरिंगला टाकू.”

मग दुसरा हिशेब मांडला. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० गुण असतात. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, रसायनशास्त्राचे ५०, प्रत्येकी एक गुण. गणिताचेही प्रश्न ५०च, पण प्रत्येकाला दोन गुण. निम्मी परीक्षा गणिताची. आणि या मुलीचं गणित ५८ आहे, तेही शाळेचे अंतर्गत गुण धरून. ते वाढणार नाही असं मी कधीच म्हणत नाही, गणित शिकवणाऱ्या बाईने असं म्हणूच नये. पण वाढवायचं तर तिची स्वतःची हौस लागते. तिला विचारलं, “गणित सोडवत बसायला आवडतं का ग?” ती वडिलांकडे बघून हसली. उत्तर मिळालं.

चित्रकलेचा विषय मी काढल्यावर वडिलांचा ठरलेला प्रश्न आला: चित्रं काढून पोट भरतं का? मी त्यांना त्यांच्याच दुकानातल्या फळ्या आठवायला सांगितल्या. चहाचे पुडे, बिस्किटं, मसाले, साबण. प्रत्येक वेष्टन कुणीतरी पगार घेऊन काढलेलं आहे. बीएफएला, एनआयडीला, निफ्टच्या डिझाइन पदवीला बारावी कोणत्याही शाखेची चालते. प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि सोपी नसते. वास्तुरचनेचं, म्हणजे आर्किटेक्चरचं, मात्र तसं नाही, तिथे गणित लागतंच.

शेवटी ठरलं ते असं: सायन्सच, पण गणिताऐवजी भूगोल, आणि जीवशास्त्र कायम. यात नीट, फार्मसी, नर्सिंग, कृषी या वाटा उघड्या राहतात आणि डिझाइनचीही बंद होत नाही. मुलीला ते पटलं ते वेगळ्याच कारणाने. जीवशास्त्राच्या आकृत्या काढायला तिला आवडतात. माझं मत विचाराल तर तिने आर्ट्स घेतलं असतं तर चित्रांना वेळ जास्त मिळाला असता. पण घरातला शांतपणा ही पण अभ्यासाची सोय आहे, आणि या निर्णयात तिचं नुकसान नाही. आता एवढंच राहिलं की गणिताऐवजी भूगोल देणारी तुकडी कॉलेजात आहे का ते विचारणं. नियमात विषय असतो आणि कॉलेजात त्याला शिक्षक नसतो, असं पुष्कळदा होतं. फोन लावला, नंतर करा म्हणाले.

सव्वानऊ

बाजार समितीत हमाली करणारे वडील आणि त्यांचा मुलगा. ७१ टक्के. वडील बसायला तयार नाहीत, उभ्यानेच बोलले, “लातूरला ठिवायचा इचार हाय. नीटची तयारी.”

लातूर आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे हा विचार प्रत्येक दुसऱ्या घरात असतो. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांनी नाव कमावलं ते शिकवण्यावर आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षांवर. त्या नावाभोवती पुढे क्लासेस, वसतिगृहं, खानावळी यांचं वेगळंच गाव उभं राहिलं. ‘इंटिग्रेटेड’ नावाचा प्रकार सगळ्या राज्यातच पसरला: नाव एका कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. त्याला आळा घालायला सरकारने २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. आदेश कागदावर आहे. प्रकार अजूनही जोरात आहे.

मी कॅलेंडरचं जुनं पान पालथं घातलं आणि त्यांनाच आकडे सांगायला लावले. क्लासची दोन वर्षांची फी, खोली, मेस, येणं-जाणं. त्यांनी चौकशी नीट केलेली होती. खाली मी अजून एक ओळ वाढवली: पहिल्या प्रयत्नात नाही झालं तर तिसरं वर्ष. ही ओळ क्लासच्या माहितीपत्रकात नसते आणि नीटला बसणाऱ्या पुष्कळ घरांत ती येतेच. बेरीज लिहिली. मग ते बसले.

मुलगा तोवर गप्प. जीवशास्त्रातला कोणता धडा आवडला, या प्रश्नावर खाली बघत होता. वडीलच म्हणाले, “तसा हुशार हाय. आमच्या टोळीचा सगळा हिशोब हाच ठिवतो.” बारा-पंधरा हमालांची टोळी, रोजच्या पोत्यांची मोजणी, प्रत्येकाची उचल, शनिवारी वाटप. पोराने दप्तरातून वही काढली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर उचल, तारखा सरळ, खाडाखोड एका रेघेने आणि तिच्याशेजारी ज्याचा आकडा बदलला त्याची सही. ही शेवटची युक्ती कुणी शिकवली विचारलं तर म्हणाला, “भांडणं व्हायची मॅडम, म्हणून मीच सुरू केली.”

वर्षाच्या शेवटी ज्यासाठी लोक सीएला पैसे देतात ते हेच. मी कॉमर्स म्हटल्याबरोबर वडिलांचा चेहरा पडला. आपल्याकडे ७० टक्क्यांना सायन्स मिळत असताना कॉमर्स घेणं म्हणजे हातातलं सोडून देणं, असा समज आहे. मी सरळ वाट मांडली. सीएच्या फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर. मग इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप, तिच्यात विद्यावेतन मिळतं, आणि फायनल. परीक्षा कठीण आहे, निकाल कमी लागतो, हेही सांगितलं. आणि म्हणूनच बी.कॉम. बरोबर चालू ठेवायचं, कारण बँकेच्या, एमपीएससीच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते. विषयात मात्र माझा हट्ट राहिला: सेक्रेटरियल प्रॅक्टिस सोपी म्हणून घ्यायची नाही, गणित घ्यायचं. कॉमर्सच्या गणिताने इंजिनिअरिंगला जाता येत नाही, तिथे भौतिकशास्त्र लागतं. पण सीएच्या फाउंडेशनला गणित-सांख्यिकीचा पेपर आहे, आणि पुढे अर्थशास्त्र किंवा सांख्यिकीकडे वळायचं म्हटलं तर अनेक चांगल्या ठिकाणी बारावीचं गणित मागतात.

“घरी इचारून सांगतो,” म्हणून गेले. लातूरचा नाद सुटला की नाही, सांगता येत नाही. कॅलेंडरचं पान मात्र घडी करून खिशात घातलं.

सव्वादहा

पांगरी भागातल्या वाडीवरची मुलगी, आई अंगणवाडी सेविका. मुलीला एनडीए हवी. कुणीतरी सांगितलंय की आर्ट्स घे, बारावी कुठलीही चालते, वेळ मैदानावर दे. हे सांगणारा खोटं बोलत नाही, निम्मंच बोलतो. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच. शिवाय लेखी परीक्षेच्या ९०० गुणांत ३०० गणिताचे आहेत, ते भूदलवाल्यालाही सुटत नाहीत. हिचं गणित ८८. हिने आर्ट्स घेणं म्हणजे उघडी दारं स्वतःच्या हाताने लावून घेणं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर मुलींना एनडीए खुली झाली. पहिली तुकडी २०२२ला खडकवासल्यात दाखल झाली आणि २०२५च्या मे महिन्यात १७ मुली तिथून बाहेर पडल्या. हे ती मला सांगत होती, मी तिला नाही. तारखा पाठ. जे तिला माहीत नव्हतं ते असं की या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे; मुलांची छत्रपती संभाजीनगरला १९७७पासून, मुलींची आता नाशिकला. पण तिथली निवड दहावीत असतानाच होते. म्हणजे ती वेळ गेली. वाडीवर हे कुणी सांगणार? वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, तेव्हा प्रयत्न मोजकेच मिळतात. ते मी मुद्दाम आईला ऐकवलं.

विषय ठरले: भौतिक, रसायन, गणित, आणि चौथा जीवशास्त्र न घेता भूगोल, कारण सामान्य ज्ञानाच्या पेपरात तो उपयोगी पडतो. मग आईने खरा प्रश्न काढला. “प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं म्हणत्यात. आमची शेवटची गाडी पावणेसहाला. चुकली तर?” तिसरा कागद मी याच प्रश्नासाठी लावलेला आहे. संध्याकाळी स्टँडवर जाऊन बघते, म्हटलं.

अकरा ते एक

प्रार्थना, हजेरी, दहावी ‘ब’ला दोन चलांतील रेषीय समीकरणं. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आलेख काढताना अजूनही निम्मी मुलं क्ष आणि य अक्ष उलटे घेतात.

एक

डबा उघडायच्या आधी दाराशी एक आजोबा. नातवाचं नाही, स्वतःचं काम आहे म्हणाले: त्यांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा हवा. मी त्यांना बोलावलंच होतं.

करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांत कागदपत्रांचं प्रकरण नसतं, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त मुलं तिथेच अडकतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातवैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळवायला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश-निर्गम उतारा. शाळा बंद पडलेली असते, रजिस्टर दुसऱ्या गावी हलवलेलं असतं, आडनाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरंच. हे काम बारावीच्या निकालानंतर काढलं तर जीव मेटाकुटीला येतो. अकरावीच्या दिवाळीत काढलं तर निवांत होतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कागदावर मी लाल पेनाने लिहिते: दिवाळीत उतारा.

मुलींच्या पालकांना अजून एक गोष्ट सांगते. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. ‘फी झेपणार नाही’ म्हणून मुलीला साध्या पदवीला घालणाऱ्या बापाला हे माहीत नसतं, आणि ते सांगितल्यावर पुष्कळ वेळा त्याचं ‘नाही’ गळून पडतं.

भाजी गार झाली. गवारीची होती, गार काय नि गरम काय.

दोन

नववी ‘अ’. हा माझा आवडता तास. वेळापत्रकात तो ‘कार्यानुभव’ म्हणून आहे.

मुलांना आठवड्यापूर्वी काम दिलं होतं: घराबाहेरच्या एका कमावत्या माणसाला गाठायचं आणि चार प्रश्न विचारून उत्तरं लिहून आणायची. सकाळपासून रात्रीपर्यंत काय करता? हे शिकायला किती वर्षं आणि किती पैसे लागले? महिन्याला हातात किती येतात? या कामातलं काय नकोसं वाटतं? ‘मोठेपणी कोण होणार’ हा निबंध मी बंद केला आहे. त्यात सगळे कलेक्टर होतात.

आज वाचन होतं. जेसीबी चालवणाऱ्याने चौथ्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं होतं: पाठ. कॅन्सर हॉस्पिटलमधल्या रेडिएशन विभागात मशीन चालवणाऱ्या ताईंनी सांगितलं की डॉक्टर आणि नर्स सोडून या इमारतीत अजून किती प्रकारची माणसं काम करतात हे बारावीपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. विज्ञान शाखेनंतर त्या तंत्राची पदवी घेतली. बँकेतल्या कॅशियरला मार्चअखेर नकोशी. पार्लर चालवणाऱ्या बाईंनी कमाईचा आकडा सांगितला तो ऐकून वर्गात शिट्टी वाजली. वर्गात शिट्टी वाजू देऊ नये, पण आज मी ऐकली नाही.

एका मुलाने विचारलं, “मॅडम, ती कलचाचणी आमची का घेत नाहीत? दादाची झाली होती.” झाली होती खरी. २०१६पासून काही वर्षं बोर्ड दहावीच्या मुलांची कलचाचणी घेत होतं, मग ती थांबली. तिच्या अहवालात ‘गणवेशधारी सेवा’, ‘ललित कला’ अशी क्षेत्रं यायची. माझ्या मते ती घेणं चांगलं होतं आणि दहावीत घेणं उशिराचं होतं. शिवाय तिच्यातून आवड कळायची, जमेल की नाही ते कळायचं नाही. त्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी असते, आणि पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था ती घेतात. बोस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्सने असं मार्गदर्शनाचं पहिलं केंद्र काढलं तेव्हा त्याचं सांगणं साधं होतं: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, आणि मग दोन्हींची सांगड विचाराने घाला. आपण पहिल्या दोन्ही गोष्टी वगळून एकदम सांगड घालायला बसतो, तेही निकालानंतरच्या पंधरा दिवसांत.

साडेतीन

दोन विषयांत गेलेला मुलगा. इंग्रजी आणि गणित. काकांबरोबर आला, काकांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. मुलाच्या नखांत वार्निश बसलेलं. विहिरीवरची जळालेली मोटार तो स्वतः उलगडतो, जुन्या तारेचे वेढे मोजतो, गेज बघतो आणि तेवढेच नवे भरतो. हे मोजणं चुकलं तर मोटार पुन्हा जळते, आणि याच्या हातची जळत नाही, असं काकांचं म्हणणं. गणितात नापास.

एटीकेटीवर अकरावी मिळते, दोन विषयांपर्यंत. सगळे त्याला तेच सांगत होते, कारण ‘वर्ष वाया जायला नको’. मी नको म्हटलं. अकरावी आर्ट्सला बसवून दहावीचं गणित डोक्यावर ठेवायचं, हे दोन्हीकडून बुडणं आहे. पुरवणी परीक्षेला बस, रोज संध्याकाळी पाचला माझ्याकडे ये. आणि आयटीआयचा फॉर्म आत्ताच भर. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, वायरमनसारख्या काही ट्रेडना नापासही चालतो. दोन वर्षांचा ट्रेड झाला आणि दहावी सुटली की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. किंवा कुठेच न जाता महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला उतर. तिथे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय मागतात.

काका म्हणाले, “म्हंजी ह्यो इंजिनिअरबी होऊ शकतो?” होऊ शकतो. होईलच असं नाही. पण वाट आहे, आणि ती कुणी त्यांना दाखवलेली नव्हती.

साडेचार

गेल्या वर्षीचा एक विद्यार्थी भेटायला आला. आता बारावी सायन्स. अकरावीत ‘जरा आराम केला’ म्हणाला. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १९७५ साली दहावी-बारावीची पद्धत आली, आणि दोन बोर्डांच्या मधलं वर्ष म्हणजे विसावा असा अर्थ लोकांनी लावून टाकला. त्याला एवढंच सांगितलं की सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, आणि नीट-जेईईला तर अकरावी-बारावी असा भेदच नाही. त्याचा चेहरा उतरला. अजून वेळ आहे, पुस्तकं विकली नाहीस ना, विचारलं. विकली होती. ग्रंथालयातून काढून दिली.

सव्वापाच

एसटी स्टँड. वाडीकडची शेवटची गाडी फळ्यावर पावणेसहाची लिहिलेली. वाहतूक नियंत्रकांना विचारलं, पुढे काही? नाही. कॉलेजपासून स्टँडपर्यंत चालत किती लागतं ते आज मुद्दाम घड्याळ लावून पाहिलं: भराभर चाललं तर बारा मिनिटं. साडेपाचला प्रॅक्टिकल सुटलं तर गाडी मिळते, पण जागा नाही; आणि पाच मिनिटं उशीर झाला तर मिळतच नाही. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण पास असून गाडी नसेल तर काय करायचं?

तिथूनच कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना फोन केला. ओळखीचे आहेत. दोन बॅच असतात, एक सकाळी साडेसातची. सकाळी सहाची गाडी वाडीवरून आहे का? आहे, मुक्कामी गाडी असते. म्हणजे सकाळची बॅच मागून घ्यायची. प्रवेश झाला की पहिल्याच दिवशी लेखी अर्ज दे, तोंडी नको, असं तिच्या आईला कळवलं. भूगोलाच्या तुकडीचंही त्याच फोनवर विचारून घेतलं. आहे. वैरागच्या दुकानदारांना तसा निरोप दिला.

एवढ्याशा गोष्टीवर मुलीचे विषय ठरतात. ‘तिला आर्ट्सची आवड होती’ असं पुढे सगळे सांगतात. खरं कारण पावणेसहाची गाडी असते.

रात्री आठ ते दहा

फोन पुन्हा सुरू. आता वडील मंडळी; दिवसभराच्या कामातून मोकळी झालेली. एकाला पॉलिटेक्निकची फी सांगितली, एकाला सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा नाद सोडू नका म्हटलं. एकाने मुलाला न विचारता विषय भरले होते. मुलाला फोन द्या म्हटलं तर तो झोपलाय म्हणाले. साडेआठ वाजता.

हमालांचा फोन आला नाही. त्यांच्या मुलाने मेसेज केला: ‘मॅडम, कॉमर्सला गणित घेतलं तर क्लास लावावा लागेल का?’ नाही, असं कळवलं. शाळेत ये, मी शिकवेन.

मुलं आणि पालक हे वाचत असतील तर फॉर्मबद्दल दोनच गोष्टी लक्षात ठेवा. फॉर्म दुसऱ्याच्या हातून भरून घेतलात तरी विषयांचा रकाना स्वतः वाचल्याशिवाय लॉक करू देऊ नका. आणि पसंतिक्रमात पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जिथे रोज जाता-येता येईल आणि हवे ते विषय मिळतील. नावासाठी लिहू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं.